भंडारदरा: धरण, तलाव आणि पिकनिक याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

भंडारदरा, विल्सन डॅम, आर्थर लेक... ही तीन वेगवेगळी ठिकाणं आहेत का?

नाही हो, सगळं एकाच जागी आहे. प्रवरा नदीवर जी दगडी भिंत आहे ती विल्सन डॅम, भिंतीमागं जे पाणी पसरलंय ते आर्थर लेक, आणि भंडारदरा म्हणजे हा सगळा परिसर. तुम्ही प्रत्यक्षात ज्या गावात उतरता, चहा पिता, रूम शोधता ते गाव शेंडी. हे सगळं अकोले तालुक्यात येतं, म्हणजे अहिल्यानगर (आधीचा अहमदनगर) जिल्हा. अकोला समजून विदर्भात शोधू नका, मॅपवर टाकताना हा घोळ होतो.

विल्सन म्हणजे सर लेस्ली विल्सन, मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर, त्यांच्या हस्ते १० डिसेंबर १९२६ ला उद्घाटन झालं म्हणून त्यांचं नाव. आर्थर म्हणजे आर्थर हिल, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर. गावातली माणसं मात्र नुसतं "धरण" म्हणतात.

एवढ्या डोंगरात धरण बांधलं कशाला?

दुष्काळ. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६-९७, लगेच १८९९-१९००. नगर जिल्ह्याचा पूर्वेचा भाग पर्जन्यछायेत, तिथं जमीन चांगली पण पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही आला तर आला. आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो, साधारण ५ हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणून तर घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात. म्हणजे पाणी एका टोकाला आणि तहान दुसऱ्या टोकाला, मधे प्रवरा नदी आयती वाहतेय. मग इंग्रजांनी दुष्काळानंतर सिंचन आयोग नेमला (१९०१ ते ०३) आणि दख्खनमधे एकामागून एक धरणं घेतली, नाशिककडचं दारणा, पुण्याकडचं भाटघर आणि हे भंडारदरा, सगळी त्याच सुमाराची.

काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला संपलं, सोळा वर्षं लागली, मधे पहिलं महायुद्धही होऊन गेलं. दगडी बांधकाम, उंची ८२ मीटरच्या वर म्हणजे २७० फूट, लांबी ५०० मीटरच्या थोडी पुढं. त्या काळी देशातल्या सगळ्यात उंच धरणांपैकी हे एक. आजच्या मशिनरीशिवाय, सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेत, एवढ्या उंचीवर दगड चढवलेत. उभारलं सरकारनं असं आपण म्हणतो, पण घडवलेला प्रत्येक दगड कोणीतरी हातानं लावलाय, त्या मजुरांची नावं कुठंच नाहीत आणि जमिनी पाण्याखाली गेल्या त्या शेतकऱ्यांचीही फारशी नाहीत, ही गोष्ट मला तिथल्या सेल्फी पॉइंटवर नेहमी खटकते.

लोक "११ टीएमसी" म्हणतात, ते नक्की किती पाणी?

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. भंडारदऱ्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणून ११ टीएमसी. डोक्यात बसत नसेल तर असं बघा, बातमीत "११ हजार क्यूसेकनं विसर्ग" (क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) असं ऐकलं की तेवढा विसर्ग जवळजवळ चोवीस तास चालला तर एक टीएमसी जातो. पावसाळ्यात पेपरमधे रोज येणारे आकडे मग एकदम कळायला लागतात.

पाणी जातं कुठं?

हा प्रश्न पर्यटक फार कमी विचारतात, आणि खरं तर ट्रिप ठरवण्याआधी हाच विचारायला हवा. कारण भंडारदरा हे आधी शेतीचं धरण आहे आणि मग पिकनिक स्पॉट. तुम्हाला तलाव भरलेला दिसणार का अर्धा, धबधबा वाहणार का कोरडा, हे सगळं खालच्या शेतकऱ्याच्या आवर्तनावर ठरतं. आवर्तन म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी, एक रब्बीचं, एक उन्हाळी वगैरे.

धरणातून पाणी नदीनंच खाली जातं, ओझरच्या बंधाऱ्यावर अडतं आणि तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यातला ऊस या पाण्यावर उभा राहिला. हरेगावला इंग्रजांच्या काळातच खासगी साखर कारखाना निघाला, आणि नंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना काढला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष, १९५० मधे गाळप सुरू झालं, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे महाराष्ट्राचं अख्खं सहकाराचं राजकारण जिथून सुरू झालं त्याची एक मोरी (धरणातून पाणी सोडायचं दार) भंडारदऱ्यात आहे असं म्हटलं तरी चालेल.

आता खाली निळवंडे धरणही झालंय, ८.३२ टीएमसीचं. दुष्काळी गावांसाठी आखलेला तो प्रकल्प कित्येक दशकं रखडला आणि डाव्या कालव्याचं उद्घाटन शेवटी २६ ऑक्टोबर २०२३ ला झालं.

आणि जायकवाडीचं भांडण ते हेच का?

हेच. प्रवरा पुढं नेवाशावरून (ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासे, प्रवरेच्याच काठी) जाऊन टोक्याला गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या तलावात जातं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं असा समन्यायी वाटपाचा नियम आहे. त्यामुळं पाऊस कमी झाला की दिवाळीच्या आगेमागे आंदोलनं, कोर्ट, सगळं सुरू. कोण बरोबर यात मी पडत नाही, दोन्हीकडं तहान खरी आहे. तुमच्यापुरतं एवढंच की कमी पावसाच्या वर्षी नोव्हेंबरमधे तलाव अचानक खाली गेलेला दिसला तर चकित होऊ नका.

धरण शंभर वर्षांचं झालंय, सेफ आहे का?

१९६९ मधे भिंतीला तडे गेले होते आणि गळती लागली होती, तेव्हा खालच्या गावांत बरीच घबराट झाली होती. त्यानंतर भिंतीला मागून मोठमोठे आधारखांब बांधून मजबुती केली. भिंतीच्या खालच्या बाजूला उभं राहून वर बघितलं तर ते ओळीनं दिसतात, नवख्या माणसाला ते डिझाइनच वाटतं. त्यानंतर कित्येक वेळा धरण पूर्ण भरलंय. बाकी भिंतीवर जायला सगळ्यांना परवानगी नसते, गेटवरच्या माणसाशी वाद घालून काही होत नाही, त्याच्या हातात काही नसतं.

सगळ्यात चांगला सीझन कुठला?

सगळे म्हणतील जुलै-ऑगस्ट. माझं मत वेगळं आहे, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. का ते सांगतो.

जुलैमधे पाऊस इतका असतो की तलाव समोर असून दिसत नाही, नुसतं पांढरं धुकं, आणि शनिवार-रविवारी घोटीपासून गाड्यांची रांग. ज्यांना भिजायचंय, धबधब्याखाली ओरडायचंय त्यांना मजा येते, नाही असं नाही. मंगळवार-बुधवारी जमत असेल तर जुलैही भारी. ऑगस्टमधे धरण भरत आलेलं असतं, १५ ऑगस्टच्या आसपास भंडारदरा भरणार अशी इकडं पैज लागते आणि बहुतेक वर्षी ती जिंकली जाते.

सप्टेंबर संपता संपता पाऊस उघडतो, धरण काठोकाठ, झरे अजून चालू, हवा धुतलेली, आणि डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुलं. भात पोटरीत किंवा पिकायला आलेलं, खाचरांचा रंग रोज बदलतो. कळसूबाईचं शिखर, अलंग, मदन, कुलंग, रतनगड हे किल्ले, सगळे एका नजरेत. फोटो काढणाऱ्यांनी तर याच वेळी यावं.

डिसेंबर-जानेवारी थंडीसाठी आणि तंबूसाठी. पाणी समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, वर चहूकडून डोंगर, त्यामुळं पहाटे काठावर चांगलंच गारठायला होतं. एप्रिल-मे मधे तलावाचा तळ उघडा पडायला लागतो, कडेला तांबूस मातीच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात. तेव्हा येऊन "फोटोत वेगळंच होतं" म्हणून रुसू नका, पाणी शेतात गेलंय.

अंब्रेला फॉल कधी दिसतो? आम्ही गेलो तेव्हा नव्हताच.

नसणारच, कारण तो निसर्गातला धबधबा नाहीये. धरणाच्या मोरीचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी खालच्या एका गोल फुगीर कातळावर पडतं आणि त्या कातळावरून सगळ्या बाजूंनी सारखं पसरत खाली येतं, उघडलेल्या छत्रीसारखं. व्हॉल्व्ह थोडा उघडला असेल तर छत्री लहान आणि फाटकी, कातळाचे काळे पट्टे मधून दिसतात. जास्त उघडला की कातळ पूर्ण झाकला जातो आणि तुषार समोरच्या पुलापर्यंत येतात, पाच मिनिटांत चष्मा पुसून पुसून कंटाळा येतो. म्हणजे बघायचा असेल तर पाणी सोडलंय का हे आधी विचारा, ज्या हॉटेलात राहणार त्यांनाच फोनवर विचारलं तर ते सांगतात. पावसाळ्यात चान्स जास्त.

रंधा धबधबा वर्षभर असतो का?

नाही. शेंडीपासून दहाएक किलोमीटरवर प्रवरा एकदम खोल दरीत उडी घेते, तोच रंधा. धरणातून विसर्ग चालू असताना त्याचा आवाज पार्किंगमधूनच ऐकू येतो. पण रंध्याच्या वरूनच पाणी वळवून कोदणीच्या वीजघराकडं नेलंय, त्यामुळं बाकीच्या दिवसांत कड्यावर किरकोळ धार किंवा तीही नाही. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे, तिथल्या लोकांचं जागृत ठिकाण, तेव्हा तिथं धांगडधिंगा नको. आणि रेलिंगच्या पलीकडं जायचं नाही म्हणजे नाही. कातळ शेवाळलेला असतो, तिथं माणसं जिवानिशी गेलेली आहेत.

काजवे बघायला कधी येऊ? आणि खरंच व्हिडिओत दिसतं तसं असतं का?

मे चा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत. वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की संख्या वाढते, आणि मान्सून जोरात सुरू झाला की खेळ खलास. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडं ते धरतात. नर मादीला बोलावण्यासाठी चमकतात, आणि एका झाडावर हजारो असले की थोड्या वेळानं सगळे एका तालात यायला लागतात. झाड उजळतं, विझतं, परत उजळतं, आणि मग शेजारचं झाड त्याला उत्तर देतं. व्हिडिओत त्यातलं दहा टक्केही येत नाही, कारण बरेच व्हिडिओ म्हणजे लाँग एक्स्पोजरचे फोटो जोडलेले असतात.

पण आता कडक बोलतो. काजव्यांच्या सीझनला शनिवारी रात्री रतनवाडी, मुतखेल, मुरशेतच्या रस्त्यांवर जे ट्रॅफिक होतं ते बघून काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त मोजले जातील. ही कीड प्रकाशानं बोलते, तुम्ही तिच्यावर टॉर्च मारला, फ्लॅश मारला की तिचं बोलणं तुटतं आणि जोडीच जमत नाही. जमिनीवर माद्या असतात त्या बुटाखाली जातात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, १९८६ पासूनचा, त्यामुळं वनविभाग रात्रीच्या वेळेवर आणि गाड्यांवर बंधनं घालतं, ती पाळा. आडवारी या, गाडी लांब लावा, गावातला एखादा वाटाड्या घ्या आणि अर्धा तास गप्प बसा. बरणीत भरून नेणाऱ्यांबद्दल काय बोलू.

रतनवाडीला काय आहे?

अमृतेश्वराचं मंदिर. शिलाहारांच्या काळातलं मानतात, लोक हेमाडपंती म्हणतात. बाहेरच्या भिंतीवर इतकं बारीक कोरीव काम आहे की पहिल्या फेरीत काही हाती लागत नाही, दोन फेऱ्या मारा, दुसरी उन्हं कलताना. जवळच पुष्करणी आहे, चौकोनी, उतरत्या पायऱ्यांची, आणि चारी बाजूंच्या भिंतींत कोनाडे, कोनाड्यांत मूर्ती. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्यात जाते.

प्रवरेचा उगम इथं वर रतनगडावर. कथा अशी की समुद्रमंथनानंतर अमृत वाटताना राहूचं डोकं उडवलं आणि त्याच्या घशातला थेंब इथं पडून नदी निघाली, म्हणून ती अमृतवाहिनी. दुसरी कथा अगस्ती ऋषींच्या तपश्चर्येची, अकोले गावात त्यांचं देऊळ आहे. कुठली खरी असं विचारलं तर गावातली म्हातारी माणसं दोन्ही सांगतात आणि वर तिसरी जोडतात.

शेंडीतून तलावाच्या काठाकाठानं मुतखेलवरून रतनवाडीचा रस्ता आहे, गाडी जाते. पुढं साम्रद, घाटघर, मुरशेत करत पूर्ण वळसा मारता येतो, अर्धा दिवस हातात ठेवा. पावसाळ्यात मधल्या पट्ट्यात रस्ता कधी कसा असेल सांगता येत नाही.

घाटघरला जो तलाव दिसतो तो पण भंडारदऱ्याचाच का?

नाही, तो वेगळा. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प, २५० मेगावॉटचा, २००८ मधे सुरू झाला. वरचा तलाव घाटमाथ्यावर, खालचा कड्याच्या पायथ्याशी कोकणात. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपानं परत वर चढवायचं. पाणी तेच, फिरत राहतं. म्हणून त्या तलावाची पातळी एकाच दिवसात वर-खाली होते. तिथला कोकणकडा मात्र चुकवू नका, ढग खालून वर येतात. (हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा वेगळा, तो प्रसिद्ध, हा शांत.)

कळसूबाई, रतनगड, सांदण दरी हे सगळं दोन दिवसांत होईल?

होईल, पण तलाव बघायचा राहील. एक काहीतरी निवडा. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून वाट, शिड्या लावलेल्यात, सवय नसलेला माणूसही हळूहळू चढतो, फक्त पावसाळ्यातल्या रविवारी शिडीखाली रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. रतनगड जास्त रानातला, वर नेढं आहे, कातळाला आरपार भोक, त्यात बसलं की वाऱ्यानं बोलता येत नाही. सांदण दरी साम्रदजवळ, दोन कड्यांमधली अरुंद घळ. पावसाळ्यात तिथं उतरणं म्हणजे आत्महत्या, आणि नंतरही काही काळ आत पाणी असतं. हिवाळ्यात, माहितगार घेऊनच.

पोहता येतं का?

नको. तलाव नैसर्गिक नाही, बुडालेली दरी आहे, त्यामुळं काठावरून चार पावलं पुढं गेलं की अचानक खोल. तळाशी गाळ, जुन्या बांधांचे दगड, पाणी थंडगार. जीवरक्षक कोणी नसतो. पट्टीचे पोहणारेच जास्त अडकतात, कारण न येणारा घाबरून लांब तरी राहतो. बोटिंग शेंडीच्या बाजूला चालतं, लाइफ जॅकेट मागा, फाटकं दिलं तर दुसरं मागा. वारा सुटला असेल आणि नाववाला नाही म्हणत असेल तर त्याचं ऐका.

तंबूत राहावं की रूममधे?

लहान मुलं, वयस्कर मंडळी असतील तर रूम. एमटीडीसीचं रिसॉर्ट तलावाला लागून आहे, खासगी हॉटेलं आणि गावातली घरगुती सोयही आहे. तंबूचं म्हणाल तर जागा काठावर चांगली मिळते, पण कोण चालवतंय ते बघा. गावातल्या माणसाचा कॅम्प असेल तर पैसा गावात राहतो आणि रात्री काही झालं तर माणूस हाकेच्या अंतरावर असतो. मोठ्या स्पीकरचे कॅम्प टाळा, अभयारण्य आहे, लग्नाचा हॉल नाही. पाण्याच्या अगदी कडेला तंबू नको, आणि पावसाळ्यात तर मुळीच नको.

जेवायला काय मिळतं?

तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, गावरान कोंबडी, तलावातले मासे. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, गेल्या गेल्या ताट येत नाही. भात जेवताना जरा लक्ष द्या, या तालुक्यात काळभात, जिरवेल असे जुने वाण लोकांनी टिकवलेत. बीजमाता म्हणून पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

यायचं कसं?

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, आणि घोटीतून उजवीकडं बारीच्या रस्त्यानं, वारंघुशी फाट्यावरून शेंडी. नाशिककरांनाही घोटीवरूनच. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. रेल्वेनं इगतपुरी, पुढं एसटी किंवा जीप, पण एसटीच्या फेऱ्या कमी, शेवटची गेली की गेली. रात्री घाटरस्त्यात धुकं असतं, उजेडात पोचायचं बघा.

पेट्रोल, एटीएम, नेटवर्क?

टाकी घोटीत किंवा राजूर-अकोल्यात फुल करा, थोडी कॅश खिशात ठेवा. शेंडीत नेटवर्क बरं, रतनवाडी-साम्रदकडं लहरीवर. मॅप आधीच डाउनलोड करून घ्या.

इथली माणसं कोण?

मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे, त्यांना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. गाइड, नाववाले, भाकरी करणाऱ्या मावश्या, सगळे याच समाजातले. दर आधी ठरवा, नंतर घासाघीस करू नका. आणि एक गोष्ट जी बाहेरच्यांना माहीतच नसते, एवढं पाणी समोर असून काठावरच्या काही वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, कारण धरण भरतं ते खालच्यांसाठी. तेव्हा मे महिन्यात आलात तर घरगुती मुक्कामी बादल्या भरभरून आंघोळ करू नका, आणि यजमानीणबाईंनी पाण्याचा हिशोब विचारला तर रागावू नका.